ट्रंककाकूंचा एकटेपणा

ट्रंककाकूंना हे नाव पडलं त्यांच्या नोकरीमुळे. उभा जन्म त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला होता. कानाला हेडफोन, समोर वायरींचं जंजाळ, आणि लांबचा ट्रंककॉल जोडून देताना सगळ्या खरखरीतून आरपार जाईल असा आवाज. ती यंत्रं केव्हाच भंगारात गेली, आवाज मात्र निवृत्त झाला नाही. तिसऱ्या मजल्यावर काकू एखाद्याला विचारायच्या, ‘‘चहा घेणार का?’’ आणि तळमजल्यावरून कुणीतरी उत्तर द्यायचं, ‘‘नको, आत्ताच झाला.’’

काकूंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा परदेशात होता. पण संध्याकाळ झाली की काकूंच्या घरी पत्त्यांचा अड्डा बसायचा. समोरच्या दारातला शिंपी, बँकेतून निवृत्त झालेला कॅशियर आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी. हरेल त्याने चहा करायचा असा नियम होता. शिंपी इतका हरायचा की काकूंच्या घरात साखर कुठे ठेवलीय हे काकूंपेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं.

अशा घरी एका दुपारी टीव्हीवाले आले. वृद्धांच्या एकाकीपणावर त्यांना एक खास कार्यक्रम करायचा होता. ‘इथे एकटं कोण राहतं?’ असं त्यांनी खाली विचारलं आणि लिफ्टमनने सरळ तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं. एक बातमीदार मुलगी होती, बारीक चणीची, जागरणाने डोळे ओढलेले. बरोबर दाढीवाला कॅमेरामन.

‘‘आजी, तुम्ही एकट्याच राहता ना?’’

‘‘काकू म्हण. हो, एकटीच. का, खोली हवीय भाड्याने?’’

‘‘नाही... म्हणजे, संध्याकाळी फार एकटं वाटत असेल.’’

‘‘संध्याकाळी? अगं, संध्याकाळी खुर्च्या पुरत नाहीत.’’

मुलीने कॅमेरामनकडे पाहिलं, कॅमेरामनने छताकडे. मग दोघांनी मिळून चारपैकी तीन खुर्च्या आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या. काकूंना वाटलं, तारा-बिरा पसरायला जागा हवी असेल. उरलेली खुर्ची खिडकीशी लावायची होती, पण काकूंच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप दिसत. एकाकी माणसाला आभाळ लागतं, असं कॅमेरामनचं म्हणणं पडलं. आभाळ शिंप्याच्या खिडकीतून दिसायचं, म्हणून खुर्ची आणि काकू दोन्ही समोरच्या घरात गेल्या. शिंपी इतका खूश झाला की त्याने हातातलं काम टाकून पडद्यांना इस्त्री करून दिली.

काकूंच्या मांडीवर यजमानांचा फोटो ठेवण्यात आला.

‘‘आज काका असते, तर?’’ मुलीने हळवा आवाज काढून विचारलं.

‘‘तर शिंप्याच्या जोडीला आणखी एक हरणारा मिळाला असता.’’

मुलीने कपाळ चोळलं. ‘‘काकू, जरा हळू बोला ना. आणि हसू नका, प्लीज. आमचे साहेब म्हणतात, हसरी म्हातारी कोण बघतं?’’

काकूंना तिची दया आली. पोरीची नोकरी आहे, आपण कशाला आडमुठेपणा करा, म्हणून त्या सांगितलं तशा बसल्या. बाहेर बघा, बघितलं. फोटोवरून हात फिरवा, फिरवला. वर धूळ दिसली तेव्हा पदराने पुसलाही. हे सगळं इतका वेळ चाललं की त्यांना पेंग यायला लागली.

‘‘दुपारी कोण येतं तुमच्याकडे?’’

‘‘कोणी येत नाही,’’ काकू म्हणाल्या, ‘‘मी सगळ्यांना दम देऊन ठेवलाय, ती माझी झोपेची वेळ. आत्ताही झोपेचीच...’’ आणि पुढचे शब्द एका मोठ्या जांभईत बुडाले. जांभईने डोळ्यांत पाणी आलं. कॅमेरामन एकदम पुढे सरकला.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी अड्ड्याने पत्ते बाजूला ठेवले. वहिनी नवी साडी नेसून आल्या होत्या, जणू टीव्हीतूनही त्या दिसणार होत्या. बासरी वाजायला लागली. पडद्यावर काकू दिसल्या, पण सगळा रंग उडालेला, जुन्या फोटोसारख्या. मुलीचा आवाज म्हणत होता, ‘भिंती ऐकतात, पण बोलत नाहीत...’

‘‘ही कुणाबद्दल बोलतेय?’’ काकूंनी विचारलं.

मग पडद्यावरच्या काकू बोलल्या. आवाजाची धार पार काढून टाकलेली, जणू विहिरीच्या तळातून बोलत होत्या. ‘कोणी येत नाही.’ तेवढंच. आणि त्यांचे डोळे काठोकाठ भरून आले. खाली अक्षरं सरकत गेली : वाट पाहून थकलेले डोळे.

 शिंपी उठला.

‘‘माझ्याच खिडकीत बसून म्हणते, कोणी येत नाही! मग आम्ही कोण, फर्निचर?’’

‘‘अरे, जांभई होती ती!’’

‘‘जांभई डोळ्यांनी देतात का?’’ असं म्हणून तो समोरच्या दारात गेला आणि त्याने कडी लावली, मोठा आवाज करून.

वहिनी म्हणाल्या, गेल्याच आठवड्यात मी भाजी आणून दिली होती, आता लोक मला काय म्हणतील? कॅशियर मुळातच भिडस्त. तो म्हणाला, मला तुमचं पटतंय, पण सध्या दोनचार दिवस नकोच. आणि तोही गेला. त्या संध्याकाळपासून अड्डा बंद पडला. काकूंकडे खरोखरच कोणी येईनासं झालं, म्हणजे ओळखीचं कोणी. अनोळखी मात्र लोंढ्याने यायला लागले.

त्याआधी परदेशातून मुलाचा फोन आला. तो रडत होता. ‘‘आई, तू मला एका शब्दाने बोलली नाहीस!’’ त्याची समजूत घालता घालता काकूंचा घसा बसला, आणि बसलेला आवाज ऐकून त्याची खात्रीच पटली. कोपऱ्यावरचा फळवाला, जो एरवी काकूंशी हमरीतुमरीवर यायचा, त्याने न बोलता चांगली चांगली केळी निवडून पिशवीत घातली. काकू संतापल्या. ‘‘रोज डागाळलेली गळ्यात मारतोस आणि आज निवडून? भांड की माझ्याशी!’’ फळवाल्याने डोळे पुसले.

एक जोडपं ब्लँकेट घेऊन आलं आणि काकूंच्या पायांवर ते पांघरूनच गेलं. ऐन उन्हाळा होता. त्यांच्या मागून आणखी ब्लँकेटं आली. कॉलेजची मुलं आली, त्यांनी काकूंचा हात हातात धरून आळीपाळीने फोटो काढले. एक सद्गृहस्थ मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवायला बसले. काकूंनी तो अंक सकाळीच वाचून त्यातलं शब्दकोडंही सोडवलं होतं. दुपारच्या झोपेचं तर नावच काढायला नको.

एका दुपारी एक बाई आली. नीटस कपडे, खांद्याला झकास पर्स, ओठांना हलकी लिपस्टिक. मागच्याच गल्लीत राहते म्हणाली. शाळेच्या ऑफिसातून नुकतीच निवृत्त झाली होती. ‘‘तुम्हाला धीर द्यायला आले,’’ म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. धीर देण्याची पहिली दोन वाक्यं बरी झाली. तिसऱ्या वाक्याला ती स्वतःच हुंदके द्यायला लागली. सकाळी उठून तयार होते, पर्स घेते आणि मग आठवतं की कुठेच जायचं नाहीये, असं काहीतरी सांगत होती. काकूंनी जन्मात पहिल्यांदाच कुणाला मध्ये तोडलं नाही. दिवे लागेपर्यंत ती बोलत राहिली. जाताना तिने विचारलं, ‘‘उद्या आले तर चालेल?’’

‘‘पत्ते येतात का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग ये. शिकवते.’’

दुसऱ्या दिवशी काकूंनी चॅनेलला फोन लावला. ‘‘माझं अर्धं वाक्य तुमच्याकडे राहिलंय,’’ त्या कडाडल्या, ‘‘तेवढं लोकांना ऐकवा!’’ पलीकडच्याने बहुधा फोन कानापासून लांब धरला असावा. पण संध्याकाळी तीच बातमीदार मुलगी हजर. काकूंना वाटलं, चूक कबूल करायला आलीय.

‘‘काकू, लोकांना तुम्ही फार आवडलात! साहेब म्हणाले, दुसरा भाग करू. आमच्या बातमीमुळे तुमचं आयुष्य कसं बदललं.’’

‘‘बदललं ना. होते ते मित्र गेले.’’

‘‘होते?’’ मुलीने विचारलं. मग तिचे डोळे चमकले. ‘‘मग ते परत आले तर? म्हणजे... पहिल्यांदाच आले तर?’’

काकू तिला घराबाहेर काढणारच होत्या. पण मित्र परत येणार असतील तर काहीही सोसायची त्यांची तयारी होती. त्या समोर गेल्या आणि दार ठोठावलं. शिंप्याने फटीतून बघितलं.

‘‘रुसलायस तो माझ्यावर की टीव्हीवर?’’

‘‘टीव्हीवर रुसून काय उपयोग?’’ शिंपी म्हणाला, ‘‘तो कुठे समोर राहतो?’’

‘‘तुला टीव्हीवर यायचंय का?’’

दार सताड उघडलं.

दुसऱ्या भागाच्या चित्रणाला वहिनी त्याच नव्या साडीत आल्या आणि कॅशियरने टाय बांधला. मुलीने समजावून सांगितलं, तिघांनी संकोचत आत यायचं, नावं सांगायची आणि काकूंना पत्ते शिकवायचे. शिंपी दारात उभा राहून म्हणाला, ‘‘नमस्कार. आपल्याला पत्ते येतात का?’’

‘‘तुझ्यापेक्षा बरे येतात, लबाडा! मागच्या डावातली राणी कुठे लपवलीस?’’

‘‘कट!’’ कॅमेरामन ओरडला. हे इतक्या वेळा झालं की शेवटी त्यांनी आवाज बंद ठेवून चित्रण केलं.

लिपस्टिकवाली बाईही तिथे होती, पत्ते हातात धरून, एकेक पान ओठ हलवत वाचत. मुलीने तिला अदबीने बाजूला व्हायला सांगितलं. ‘‘मॅडम, तुम्ही जरा स्वयंपाकघरात थांबाल का? तुम्ही फार छान दिसता हो, एकट्या वगैरे वाटतच नाही. लोक गोंधळतील.’’ बाई मुकाट्याने आत गेली आणि तिने सगळ्यांसाठी चहा टाकला.

दुसरा भाग रंगीत होता. बासरीच्या जागी गिटार. ‘आमच्या बातमीनंतर माणुसकी जागी झाली,’ असं मुलगी सांगत होती. शिंप्याच्या चेहऱ्याखाली ‘निराधार ज्येष्ठ नागरिक’ असं लिहून आलं. हे वाचून त्याचे चार मुलगे आणि चार सुना एकदमच त्याच्याशी बोलायला लागले, त्यातलं एकही चांगलं बोलत नव्हतं. कॅशियर ‘समाजसेवक’ झाला होता. तो ते नाकारायला तयार नव्हता. परदेशातून मुलाने चॅनेलचे आभार मानले. काकूंनी त्याला खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा तो म्हणाला, ‘‘असू दे गं आई, आता तुला मित्र मिळाले ना.’’

काकूंनी फोन ठेवला आणि अड्ड्यात येऊन बसल्या. वहिनींनी पत्ते वाटले. लिपस्टिकवाली बाई आता पाचवी होती, तिच्यासाठी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं होतं. तिने बराच वेळ विचार केला, शिंप्याकडे बघितलं आणि एकेक करून सगळी पानं खाली मांडली. ती जिंकली होती.

‘‘शक्यच नाही,’’ शिंपी म्हणाला, ‘‘हिने माझी पानं पाहिली.’’

‘‘पाहिली,’’ बाई म्हणाली, ‘‘तुम्ही ती दाखवता कशाला?’’