परदेशातली सायकल, लखनौचा ओटीपी

आमच्यातलं कुणी मुलाबाळांकडे परदेशी जाऊन आलं की 'काय काय पाहिलं' असं आम्ही विचारत नाही. विचारतो ते एवढंच, "सायकल मिळाली का?" दर रविवारी सकाळी गोमतीच्या काठाने सायकली हाणायच्या आणि मग निशातगंजला चहा-बनमक्खनवर बसायचं, असा लखनौमधल्या आम्हा चार-पाच मराठी माणसांचा रिवाज आहे. त्यामुळे तिकडे रस्त्याकडेला भाड्याच्या सायकली ओळीने उभ्या दिसल्या की आमचे पाय शिवशिवतात. चालवणं सोपं असतं, पैसे भरणं अवघड. यंत्र आपल्या कार्डाकडे बघतं, आपण यंत्राकडे बघतो, आणि तिथून किस्सा सुरू होतो. आता इतके साठलेत की चहावाला भैयाच फर्माईश करतो, "वो रसीद वाला सुनाइए।"

*

रसीदवाला किस्सा विंग कमांडर सावंतांचा. हवाई दलातून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. मुलाकडे कॅनडात गेले असताना त्यांनी सायकल घेतली, तासभर फिरले आणि परत आणून स्टँडच्या खाचेत लावली. यंत्र काही बोललं नाही. सावंतांचा जन्म गेला तो सही करून सामान घेण्यात आणि सही घेऊन सामान परत करण्यात. पावतीशिवाय निघून जाणं त्यांना जमेना. दहा मिनिटं ते सायकलीशेजारी सावधानमध्ये उभे राहिले.

शेवटी कुत्रा फिरवायला निघालेल्या एका बाईंना त्यांनी थांबवलं. डायरीचं पान फाडून इंग्रजीत लिहिलं, 'एक सायकल, चालू स्थितीत, घंटीसह परत मिळाली.' खाली बाईंची सही घेतली, वेळ टाकली. मुलगा तोंड लपवत होता.

दुसऱ्या दिवशी कार्डावरून अख्ख्या दिवसाचं भाडं कापलं गेलं, कारण खाचेतलं कुलूप नीट बसलंच नव्हतं. मुलगा म्हणाला, "पापा, छोड़ दीजिए।" सावंतांनी सोडलं नाही. त्या पानाचा फोटो काढून तक्रारीसोबत पाठवला. चार दिवसांनी सगळे पैसे परत आले, वर एक ओळ होती, 'सायकल परत घेणाऱ्या आमच्या कर्मचारी बाईंचे आभार.'

*

स्वाती गोमती नगरला एका खाजगी कंपनीत आहे, आमच्यात सगळ्यात लहान, म्हणजे पंचेचाळीसची. ती लेकाला घेऊन अमेरिकेला गेली. सायकलीच्या यंत्राने कार्ड घेतलं आणि घरचा पिनकोड मागितला. स्वातीने आपला सहा आकडी लखनवी पिनकोड टाकला. यंत्राने पाचच आकडे घेतले आणि नकार दिला.

"मम्मी, कुछ भी डाल दो ना," लेक म्हणाला.

"कुछ भी का म्हणून? माझं घर पाच आकड्यांत मावत नाही, हा त्यांचा प्रॉब्लेम आहे."

मायलेक दोन दिवस पायी फिरले. तिसऱ्या दिवशी स्वाती पाणी आणायला गेली तेवढ्यात लेकाने यंत्राशी काहीतरी खुडबुड केली आणि दोन सायकली सुटल्या. स्वाती त्याला म्हणाली, "काय टाकलंस ते सांगू नकोस. मला माहीतच नाही." टाचांवरचे फोडांचे डाग दाखवत हा किस्सा सांगते, पण पिनकोडच्या बाबतीत अजूनही एक पाऊल मागे हटलेली नाही.

*

आता माझा. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. माझे मिस्टर, पाटणकर, बँकेत होते. बँकेतला माणूस घरात असला की खात्यांकडे आपण बघत नाही. माझं पेन्शन जॉइंट खात्यात जायचं आणि त्या खात्याला मोबाइल नंबर जोडलेला होता तो पाटणकरांचा. "सोयीचं पडतं," असं ते म्हणाले होते. मीही मान डोलावली होती, माझंच चुकलं.

आमची मुक्ता जर्मनीत असते. पहिल्यांदा तिच्याकडे गेले ती एकटीच, कारण पाटणकर तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि त्यांच्या मते ते नसले तर पाण्याची टाकी भरणार नव्हती. एका सकाळी मुक्ता ऑफिसला गेली आणि मी तिच्या घराखालच्या सायकलींपाशी पोचले. नदीच्या काठाकाठाने पलीकडच्या गावापर्यंत जायचं, असं रात्रीच ठरवलं होतं. मोबाइलवर सगळं भरलं, कार्डाचा नंबर टाकला. मग पडद्यावर आलं, ओटीपी टाका.

ओटीपी गेला होता लखनौला. पाटणकर निशातगंजच्या बाजारात सब्जी घेत होते. मी व्हिडिओ कॉल लावला.

"अहो, तुमच्या फोनवर ओटीपी आलाय, तो सांगा."

"ओटीपी कुणालाही सांगायचा नाही," पाटणकर म्हणाले. "मी आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं. कुणालाही म्हणजे कुणालाही."

"मी बायको आहे तुमची. दिसतेय ना?"

"हल्ली व्हिडिओसुद्धा खोटे करतात. खात्री करून घेऊ दे. आपल्या लग्नात जेवायला काय होतं?"

"तुमच्या काकांचा रुसवा," मी म्हणाले. मानपानावरून त्यांचे काका अडून बसले होते आणि पंगत दोन तास खोळंबली होती.

पाटणकरांनी जरा विचार केला. "बरोबर. पण तोवर ओटीपी संपला."

*

दुसऱ्यांदा ओटीपी मागवला. या वेळी मी खरी आहे हे सिद्ध झालं होतं, म्हणून चौकशी सुरू झाली. "कुठे जाणार? किती लांब? एकटी? मुक्ताला विचारलंस का?"

तोही संपला. तिसऱ्या वेळी आकडे सांगितले, पण भेंडीवाल्याशी बोलता बोलता दोन आकडे उलटेसुलटे केले. बँकेने सुरक्षेसाठी माझं कार्ड बंद केलं. पाटणकर म्हणाले, "बघ, सिस्टिम किती चांगली आहे."

माझ्या डोळ्यांदेखत एक शाळकरी पोरगी आली, फोन टेकवला, सायकल काढली आणि गेली. मला रडू आलं नाही, राग आला. लखनौच्या ट्रॅफिकमध्ये मी सायकल चालवते तेव्हा कुणाला विचारत नाही. आणि इथे, माझ्याच पेन्शनवर, भेंडी निवडणाऱ्या माणसाची परवानगी लागत होती. पलीकडचं गाव त्या खेपेला राहूनच गेलं.

*

परत आल्यावर पाटणकरांनी हा किस्सा चहाला स्वतः रंगवून सांगितला, सावधगिरीचं उदाहरण म्हणून. सगळे हसले. मी हसले नाही. सावंतांच्या ते लक्षात आलं. कप खाली ठेवून ते म्हणाले, "मॅडम, किल्ली दुसऱ्याकडे असेल तर स्टोअर आपलं नसतं."

सोमवारी मी बँकेत गेले. स्वतःचं वेगळं खातं, पेन्शन त्यात, असा अर्ज भरला. काउंटरवरची मुलगी गोड होती. म्हणाली, "आंटी जी, नंबर अंकल का ही डाल दूँ? सुविधा रहेगी।"

"सुविधा किसकी, बेटा?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझा नंबर लिहिला.

पाटणकरांना कळल्यावर दोन दिवस घरात फक्त कुकर बोलत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "माझ्यावर विश्वास नाही का?"

"पूर्ण आहे," मी म्हणाले. "पण ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही."

*

पुढच्या वर्षी पुन्हा गेले. ओटीपी माझ्या हातातल्या फोनवर आला, कुलूप खट्कन उघडलं. नदीच्या काठाने पलीकडच्या गावापर्यंत गेले, बाकावर बसून डब्यातला थेपला खाल्ला, वाटलं तेवढा वेळ बसले. परत येईपर्यंत वेळ उलटून गेली आणि जादा आकार बसला. मुक्ता हळहळली, "आई, आधी सांगितलं असतंस तर मी पास काढून दिला असता."

मी म्हटलं, "राहू दे. माझा आकार आहे, मी भरीन." खर्च करून इतकं समाधान मला साडी घेतानाही झालेलं नाही.

*

गेल्या उन्हाळ्यात पाटणकर एकटे जर्मनीला गेले. सेक्रेटरीपद सुटलं होतं आणि टाकी भरतच होती. मला इथे शेजारच्या मुलींची गणिताची शिकवणी अर्ध्यावर टाकायची नव्हती. स्वतःच्या कार्डावर परदेशी व्यवहार कायम बंद ठेवायचे, हा पाटणकरांचा जुना नियम, आणि तो ते मोडेनात. म्हणून निघताना जरा घुटमळून म्हणाले, "तुझ्या खात्यावरचं एक जादा कार्ड मिळेल का?" मी दिलं.

नंतरच्या आठवड्यात मी आणि स्वाती लखनौच्या चौक बाजारात चिकनकारीच्या कुर्त्यांचा ढीग उपसत होतो. फोन वाजला. आधी मेसेज, मागोमाग व्हिडिओ कॉल. पाटणकर मुक्ताच्या घराखाली, मागे सायकलींची ओळ.

"अगं, तुझ्या फोनवर ओटीपी आला असेल बघ."

"कोण बोलतंय?"

"अगं मी! दिसतोय ना?"

"हल्ली व्हिडिओसुद्धा खोटे करतात," मी म्हणाले. "आपल्या लग्नात जेवायला काय होतं?"

स्वातीने हातातला कुर्ता तोंडावर धरला. दुकानदारही कापड मोजायचा गज खाली टाकून ऐकायला लागला. मला वाटलं, आता चिडतील, नाहीतर काकांचं नाव घेतील. पाटणकरांनी फोन तोंडाजवळ घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, "तू जेवलीच नव्हतीस. काकांची समजूत काढता काढता पंगत उठली आणि तुला कुणी विचारलंच नाही. मीही नाही."

हे त्यांना माहीत आहे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. क्षणभर समोरचे कुर्ते अंधुक झाले.

"सुनंदाताई, सांगा लवकर, संपेल," स्वाती कुजबुजली.

मी आकडे सांगायला लागले. सावकाश, वर्गात पाढे सांगावेत तसे. पाटणकर एकेक टाकत होते. पाच आकडे झाले, एक उरला. मी थांबले.

"पुढे?" पाटणकर म्हणाले.

"एकटेच निघालात? मुक्ताला विचारलंत का?"