धाकट्या मामाचा आखडलेला हात

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून असा एकही दुकानदार नसेल, ज्याला माझ्या धाकट्या मामाने कधी ना कधी सुखी केलेलं नाही. मामा दुकानात शिरला की मालक गल्ल्यावरून उठून उभा राही. मामाला समोरची वस्तू हवीच असे, असं नाही. पण समोरच्या माणसाने इतक्या प्रेमाने खोकं उघडून दाखवल्यावर त्याला 'नको' कसं म्हणायचं, हा मामाचा खरा प्रश्न होता. खालापूरच्या एका कारखान्यात तो नोकरीला होता, घर पळसदरीच्या अलीकडे, जोडीला थोडी भातशेती. पगार बरा होता, पण तो मामाच्या हाताशी फारसा राहत नसे. महिना उजाडला की हप्तेवाले तो आपापसांत वाटून घेत आणि उरलेला महिना मामा कार्डावर काढी. "शून्य टक्के व्याज म्हंजे फुकटच की रं," असं तो मला समजावून सांगे. मी कॉमर्सला होतो, तरी मला ते पटायचं, कारण सांगता सांगता तो वडापाव खाऊ घालत असे.

त्याने टीव्ही आणला तो एवढा मोठा, की खिडकीचं एक दार कायमचं बंद करावं लागलं. पाठोपाठ चालायचं मशीन आलं, ते मामीसाठी. मामी त्या दिवशी शेतात वाकून वाकून लावणी करून आली होती. दारात पायांचा चिखल धुता धुता तिने ते मशीन पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यावर चालून जायाचं कुठं?"

"कुठंच नाय. तब्येतीसाठी असतं," मामा म्हणाला.

मामी मशीनला वळसा घालून आत गेली. पुढे उन्हाळ्यात त्या मशीनवर पापड छान वाळत. माझ्या वाढदिवसाला मामाने कर्जतच्या नाक्यावर बॅनर लावला होता. त्यात माझा फोटो कोपऱ्यात होता आणि 'शुभेच्छुक' म्हणून मामाचा पूर्ण उंचीचा, काळा चष्मा लावलेला. लोक मला भेटून मामाला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला सांगत. त्या बॅनरचे पैसेही त्याने मोबाईलवरच्या कुठल्याशा कर्जातून दिले होते, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेही त्या कर्जवाल्यांचा फोन मला आला म्हणून. मामाने ओळखीचा माणूस म्हणून माझा नंबर दिला होता. वसुलीवाली मुलगी मला इतक्या वेळा फोन करी, की माझा आवाज बसल्याचं आईच्या आधी तिच्या लक्षात आलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते माझी मामेबहीण बारावी होईपर्यंत. तिला नर्सिंगला जायचं होतं. प्रवेश मिळत होता, फी भरायची होती. मामाने नेहमीच्या ऐटीत शर्ट इस्त्री केला, मला सोबत घेतलं आणि आम्ही शैक्षणिक कर्जासाठी कर्जतच्या एका बँकेत गेलो. साहेबांनी मामाचं नाव कॉम्प्युटरवर टाकलं आणि पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "काका, तुमचे आधीचेच हप्ते थकलेत. ते मिटवा, मग या. मी स्वतः बघतो." ते वाईट बोलले असते तर मामा भांडला असता. पण ते चांगलं बोलले, त्यामुळे त्याला काही करता येईना. बाहेर आल्यावर उसाच्या रसाच्या गाडीसमोरून आम्ही पुढे गेलो आणि मामाने मला "काय घेणार?" असं विचारलं नाही. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मला जरा भीतीच वाटली.

पोरीचं ते वर्ष गेलं. ती रडली नाही. गावातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर लिहायला जाऊ लागली. तिच्या जाण्यायेण्याच्या वेळा मामाने पाठ केल्या होत्या, आणि ती घरी यायच्या सुमारास तो हटकून मागच्या परसात काहीतरी काम काढी.

पण त्याच महिन्यात मामाने जे आरंभलं, ते त्याच्या खर्चाइतकंच अचाट होतं. पगाराचे सगळे पैसे तो रोख काढून आणी आणि मामीच्या फळीवरच्या डब्यांत वाटून टाकी. पहिला डबा हप्त्यांचा, मग किराणा, दूध, लाइटबिल, पेट्रोल आणि पाहुण्यांचाही एक. ज्या डब्यातले पैसे संपले, तो खर्च त्या महिन्यापुरता बंद. या डब्यातून त्या डब्यात उसने घ्यायला सक्त मनाई. एकदा महिनाअखेरीला माझी आई, म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण, न कळवता त्याच्याकडे गेली. मामाने तिला फाटकातच गाठलं. "ताई, पाव्हण्यांचा डबा संपला. पन तू काय पाव्हणी नायस, तू घरची हायस. तवा आत जा आणि च्या तूच कर, आमाला पन दे." आई ते सांगत घरी आली तेव्हा रागाने लाल झाली होती. पण पुढे तीच गोष्ट ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगू लागली आणि दर वेळी त्यात स्वतः केलेल्या चहाचे कप वाढवू लागली.

कारखान्याच्या फाटकाबाहेर नजीरचाचांची टपरी होती. अख्ख्या शिफ्टचा चहा मामाच्या नावावर, अशी तिथली जुनी रीत. आता मामा घरून बाटलीत चहा नेऊ लागला, मात्र बसायचा चाचांच्याच बाकड्यावर. चाचांनी काही दिवस पाहिलं आणि एकदा म्हणाले, "बाकड्याचं भाडं लावू काय तुला?"

"चाचा, मी बसलो का पोरं बसतात, पोरं बसली का च्या पितात," मामा बाटलीचं झाकण फिरवत म्हणाला. "भाडं तुमीच मला द्या."

चाचांनी हिशेब करून पाहिला असावा, कारण ते पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. उलट पावसाळ्यात बाकड्याची मामाच्या बाजूची पत्र्याची शेड त्यांनी थोडी पुढे वाढवून घेतली.

घरातल्या वस्तू विकायच्या ठरल्या तेव्हा चालायचं मशीन शेलूच्या नव्या इमारतीतल्या एका जोडप्याने घ्यायचं कबूल केलं. मामाने ते टेंपोतून नेलं, त्यांच्या हॉलमध्ये लावलं आणि चालू कसं करायचं ते दाखवायला स्वतः त्यावर चढला. उतरायचं कसं ते त्याला माहीत नव्हतं. धापा टाकत, पळत पळतच त्याने भाव ठरवला. "एकदम नवं हाय, सायेब. बायको एकदा पन चढली नाय." टीव्ही एका फार्महाऊसवाल्याने नेला. भिंतीवर टीव्हीच्या आकाराचा उजळ चौकोन तेवढा राहिला. तरी जेवण झालं की सगळे सवयीने त्याच भिंतीसमोर बसत आणि मामा बोलत सुटे. मामी म्हणायची, "टीव्हीपरीस ह्ये बरं हाय. पन ह्येला बंद करायचं बटण नाय."

बदललेल्या मामाचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे कर्ज द्यायला फोन करणाऱ्या मुली. पूर्वी त्या मामाला गाठत. आता मामा त्यांना गाठू लागला. एकीला माझ्यासमोर विचारत होता, "तुझा पगार किती गं? मोबाईल हप्त्यावर घेतलास ना? मंग? कशाला घेतलास?" ती बिचारी आधी 'सर, सर' करत होती. नंतर तिनेही घराचं भाडं, धाकट्या भावाची फी असं सांगायला सुरुवात केली. मामाने तिला डबे समजावले. शेवटी तिनेच विचारलं, "सर, डबे स्टीलचेच पाहिजेत का?"

मामाने लहान देणी आधी फेडून टाकली. एक कर्ज फिटलं की त्याचा हप्ता पुढच्या कर्जाच्या हप्त्यात घाली. दाढी घरी, केस मामीच्या हातचे. त्यामुळे मधले काही महिने तो एका बाजूने वेगळाच माणूस दिसे. मटण सणालाच. लग्नाचं आमंत्रण आलं तर आहेर म्हणून आपल्या शेतातले तांदूळ, आणि ते देताना इतकं वर्णन, की घेणाऱ्याला वाटावं आपल्याला जमीनच मिळते आहे. एकदाच त्याचा तोल गेला. दिवाळीच्या तोंडावर तो लेकीसाठी भारीतला ड्रेस घेऊन आला. मामीने फक्त फळीकडे पाहिलं. लेकीने मात्र ड्रेस अंगाला लावून आरशात बघितला, नीट घडी घातली आणि म्हणाली, "बाबा, छान हाय. उद्या परत देऊन या." मामा दुसऱ्या दिवशी गेला आणि परत देऊन आला. त्या दिवशी तो भिंतीसमोर बसला, पण बोलला नाही.

पुढच्या वर्षी थकबाकी मिटली होती. बँकेतले साहेब शब्दाला जागले, शैक्षणिक कर्ज मिळालं आणि पोरगी नर्सिंगला गेली. ती शिकत होती तोवर मामाचं उरलेलं जुनं कर्जही हळूहळू फिटलं. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी मामा काहीतरी जंगी करील असं आम्हाला वाटलं होतं. त्याने हप्त्यांचा डबा घासून पुसून उपडा ठेवला आणि शेतावर निघून गेला.

आता पोरगी पनवेलच्या एका हॉस्पिटलात लागली आहे. पहिल्या पगाराला घरी आली आणि तिने मामाच्या हातात नोटा ठेवल्या. "हे घराचं नाय, बाबा. डब्यात टाकायचं नाय. तुमाला आवडल ते घ्या." रविवारी मामा मला घेऊन कर्जतच्या बाजारात निघाला. घड्याळं पाहिली, म्हणाला, घरी हाय. बूट पाहिले, पायातल्यांचे तळ अजून शाबूत होते. एका दुकानात मालक त्याला ओळखून उठून उभा राहिला, त्याने एकामागून एक शर्ट उलगडले. मामाने प्रत्येकाचं कापड बोटांत धरून पाहिलं, किंमत विचारली आणि हसून "नको" म्हणाला. इतकं सहज, इतकं गोड, की दुकानदारालाही वाईट वाटलं नाही. दुपारपर्यंत आम्ही सगळा बाजार फिरलो आणि रिकाम्या हाताने एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकलो.

"पयलं दुकानात शिरलं का कसं भरून यायचं रं," मामा म्हणाला. "आता वस्तू दिसतच नाय. नुसती किंमत दिसते."

मला सांगावंसं वाटलं, की मामा, आम्हा सगळ्यांना हेच तर हवं होतं. तो उठला, पँट झटकली आणि "चल, मामी वाट बघत असल," म्हणून चालू लागला. मी थोडा मागून चाललो होतो. खिशातल्या नोटांवर हात ठेवून तो पुढे जात होता, दुसऱ्या कुणाचे तरी पैसे पोहोचवायला निघाल्यासारखा.