भिमानं सोडलेली वीट

डोळखांबकडच्या पाड्यांत भिमा गवंड्याचा हात न लागलेलं घर शोधावं लागेल. पण भिंतीकडे बघतो कोण? नवं घर बघायला आलेले लोक फरशी बघतात, टीव्ही बघतात आणि भिंतीला पाठ टेकून चहा पितात. चाळीस वर्षं भिमानं हेच पाहिलं. दिवाळीनंतर गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तो बायकोला, पारूला, म्हणाला, "आता एकच काम गो. पन असा, की लोकांनी मान वर करून भिंतीकडे बघितला पायजे."

ते काम म्हणजे येशूला मानणाऱ्या सात-आठ घरांची प्रार्थनेची खोली. भिमाचा देव वेगळा, पण भिंत सरळ धरणारा ओळंबा सगळ्यांना सारखाच. पारू घमेली उचलायची, आणि त्या घरांचा तरुण पास्टर संदेश विटांवर पाणी मारता मारता बायबलातल्या गोष्टी सांगायचा. देवानं सगळ्यात आधी उजेड केला. सूर्य मागाहून, चौथ्या दिवशी.

"मंग तीन दिस उजेड कुठून आला?" पारूनं विचारलं.

"देवाचाच तो, काकी. उजेड दिसला की समजायचं, देव जवळ आहे."

"म्हंजे मीटर नाय, बिल नाय," भिमा म्हणाला.

रात्री आगीचा खांब होऊन लोकांच्या पुढे चालणारा देव. देवाच्या तंबूत कधी विझू न दिलेला दिवा. एका मेंढपाळाला दिसलेलं, पेटूनही न जळणारं झुडूप. ऐकता ऐकता भिमाची थापी थांबायची, आणि पारू ओरडायची, "अवो, माल सुकतोय!"

पौषातल्या एका रविवारी भिमानं नऊ वाजता, म्हणजे प्रार्थनेच्या वेळेला, ऊन बघितलं आणि उगवतीच्या भिंतीत वर एक वीट सोडली. त्या भोकातून उन्हाची तिरीप निघाली ती थेट कोपऱ्यातल्या टेबलावर. बायबल ठेवायचं ते तिथंच. भिमा स्वतःवरच इतका खूश झाला, की त्या दिवशी त्यानं भाकरीला नावंसुद्धा ठेवली नाहीत.

मग पत्रे यायला उशीर झाला आणि खोली उघडायचा दिवस ठरला चैत्रातला, ईस्टरचा. भिमा इस्त्रीचा शर्ट घालून दाराबाहेर उभा राहिला. अख्खा पाडा जमला होता. नऊ वाजले. संदेश म्हणाला, "काकांनी देवाच्या उजेडासाठी एक वीट सोडलीय. वर बघा!"

सगळ्यांनी माना वर केल्या. तिरीप आली, टेबलाला चुकवून गेली आणि दाराशी काढलेल्या चपलांच्या ढिगावर पडली.

"भिमा," शेजारचा कोंडू म्हणाला, "देव चपला मोजायला आला का रे?"

पोरं फिदीफिदी हसली. भिमाच्या लगेच ध्यानात आलं. थंडीत दक्षिणेकडून येणारा सूर्य चैत्रात वर सरकतो. जन्मभर उन्हात काम केलेल्या माणसानं हे विसरावं! त्याचे कान तापले.

"थापी आणतो. बुजवून टाकतो," म्हणत तो वळला.

पारूनं त्याचा शर्ट मागून धरला आणि दारातूनच आवाज दिला, "संदेश, त्या पेटलेल्या झुडपापाशी देवानं त्या मेंढपाळाला पयला काय सांगितला रे?"

संदेश भाषणाचा कागद उलगडत होता, तो थांबला. "पायातल्या चपला काढ म्हणाला. ही जागा पवित्र आहे."

"मंग?" पारूनं कमरेवर हात ठेवले. "देव आला तो पयलं तेच बघतोय. काढल्यात का नाय."

खोली खदखदून हसली. कोंडू सगळ्यात जास्त. संदेशनं कागद खिशात घातला आणि त्या दिवशी झुडपाचीच गोष्ट सांगायची ठरवली. लहानी नावाच्या म्हातारीनं आपली बाजूला पडलेली चप्पल काठीनं ढकलत ढकलत उन्हात आणली. "माजी ऱ्हायली होती," ती म्हणाली.

"काका, आत या ना," संदेश म्हणाला.

भिमानं आपल्या सिमेंट चिकटलेल्या चपला काढल्या आणि हळूच कडेला सारल्या.

"मधी ठेवा, उजेडात," पारू म्हणाली. "कधी धुतल्या नायत, निदान देवाला तरी दिसू द्या."

त्यानं मधोमध ठेवल्या. आत जाऊन बसला तो भिंतीला न टेकता, सगळ्यांसारखा मान वर करून.

"पौषात टेबलावर येल बघ," तो पुटपुटला.

"येल ना," पारू म्हणाली. "तवर चपला जोडीनं लावून ठेवू."