बाईंचा कोंबडा

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आमच्या चर्चच्या संडे स्कूलच्या बाई दर रविवारच्या बायबल वाचनाला जोड म्हणून मुलांचं एखादं गोष्टीचं पुस्तक आणायच्या. हरवलेल्या मेंढराच्या वाचनाला त्यांनी उनाड बोकडाची गोष्ट आणली. मुलं खिदळली. वर्गात मदतीला बसणाऱ्या मला तो वाचनाचा अपमान वाटला. मी पाळकांना निनावी तक्रार लिहिली. पाळकांनी बाईंसमोरच विचारलं तेव्हा म्हणालो, "चिठ्ठी माझी न्हाय." पुस्तकं बंद करायचं ठरलं.

बाई रागवायच्या नाहीत, फक्त चष्म्यावरून बघायच्या. पुस्तकांच्या शेवटच्या रविवारी वाचन होतं येशूच्या शिष्याचं, पेत्राचं. येशूला आपण ओळखतच नाही असं तो तीनदा खोटं बोलला आणि कोंबडा आरवला. बाईंनी कोंबड्याचं पुस्तक उघडून माझ्याकडे तसंच बघितलं.

"काका, कोंबडा तुमीच व्हा की. लई शोभंल."

मी तीनदा आरवलो.

वर्ग सुटल्यावर माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "पुरे की काका. पोरं घरी गेली."