जानेवारी कोण वाचणार?

“बाईंचा आवाज ऑस्ट्रेलियन वाटत नाही. जानेवारी दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या.”

मेलबर्नच्या प्रकाशकांचा मेल एवढाच होता. माझा बॉस समीर, मूळचा दादरचा, तो मोठ्यानं वाचून म्हणाला, “झालं! शुक्रवारी डिलिव्हरी आहे आणि यांना आत्ता सुचतंय.”

आमचा स्टुडिओ शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूवर. खाली मिठाईचं दुकान, वर आम्ही. मी साउंड इंजिनिअर. बहुतेक काम ऑडिओबुकचं. म्हणजे आत माइकसमोर कुणीतरी पुस्तक वाचतं, मी काचेच्या अलीकडे बसून ते रेकॉर्ड करते आणि नंतर खोकले, अडखळणं, पानांची सळसळ कापून टाकते. हे पुस्तक होतं बारा ऑस्ट्रेलियन लेखकांच्या एका वर्षाचं. प्रत्येकानं एक महिना घ्यायचा. त्या महिन्यात काय लिहिलं, काय खोडलं, तेव्हा घरात काय चाललं होतं, ते सांगायचं आणि आपला महिना आपणच वाचायचा. बाकीच्यांचं रेकॉर्डिंग तिकडेच उरकलं होतं. जानेवारी लिहिणाऱ्या ग्वेनबाई शिकागोत राहतात, म्हणून त्या आमच्या वाट्याला आल्या. त्यांचं वाचन रेकॉर्ड करून आम्ही मेलबर्नला पाठवलं होतं.

खरं तर इथं सगळ्यांना नुसतं नावानंच हाक मारतात. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला तोंडावर ‘ग्वेन’ म्हणताना मला अजूनही चोरट्यासारखं होतं, म्हणून मनातल्या मनात मी ‘बाई’ जोडते. लग्न करून त्या इथं आल्या. नवरा गेला, त्या राहिल्या. आता फुप्फुसं अधू झालीत आणि डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केलाय. तिकडे परत जाणं नाहीच.

त्यांचा जानेवारी म्हणजे खिडकीबाहेर बर्फ आणि कागदावर माहेरचा उन्हाळा. तिकडे जानेवारीत ऊन मी म्हणत असतं. पत्र्याचं घर, अंगणातली पाण्याची टाकी, टाकीच्या सावलीत दडून बसलेल्या दोघी बहिणी. ते वाचून मला माझ्या नागपूरचा मे महिना आठवला. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास शिकागोत कुठून आणायचा?

“एखादी ऑस्ट्रेलियन ॲक्ट्रेस बघू,” समीर म्हणाला. “ऑनलाइन मिळेल.”

“आणि बाईंना कोण सांगणार?”

“तू. तुझं जमतं त्यांच्याशी.”

दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून सांगितलं. बाईंनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. “इथली माणसं मला चाळीस वर्षं विचारतायत, तुम्ही मूळच्या कुठल्या?” त्या म्हणाल्या. “आता तिकडचेही विचारायला लागले.”

“पुस्तकावर नाव तुमचंच राहील,” मी म्हटलं.

“नावाचं काय करू? मला जाता येत नाही. निदान आवाज तरी जाईल, असं वाटलं होतं.”

मी सरळ समीरच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, आजचा दिवस दे. तो घड्याळाकडे बघत म्हणाला, “आजचाच हं, यार. मग मी ती ॲक्ट्रेस बुक करतो.”

आधी बाईंनी मुद्दाम ऑस्ट्रेलियन बोलून पाहिलं. ऐकवेना. शहरातल्या नटानं धोतर नेसून गावच्या पाटलाचं काम करावं, तसं ते वाटत होतं. त्यांनाही कळलं. तीन ओळी झाल्यावर स्वतःच थांबल्या.

ब्रेकमध्ये त्यांचा फोन वाजला. धाकट्या बहिणीचा, बेथचा. आमची संध्याकाळ म्हणजे तिकडची दुसऱ्या दिवसाची सकाळ, आणि ती चहा घेताना रोज फोन करते. माइक चालूच होता. हेडफोनमध्ये मला अचानक वेगळीच बाई ऐकू आली. शब्द लांबत होते, वाक्यं शेवटाला वर चढत होती, हसणंसुद्धा नाकातून. समीर शेजारी येऊन उभा होता, त्याच्यासाठी मी आवाज स्पीकरवर घेतला. तो म्हणाला, “सेम तुझ्यासारखं. आईचा फोन आला की तू नाही का, नागपुरीत ‘जेवून राह्यली ना मी’ सुरू करतेस?”

गमतीनं बोलला, पण मला वाट दिसली.

आतल्या माणसाच्या हेडफोनमध्ये बाहेरून बोलायची सोय असते. तिला टॉकबॅक म्हणतात. एरवी त्यातून माझा आवाज जातो. जरा सावकाश, ते वाक्य पुन्हा घ्या. मी त्यात बेथचा फोन जोडायचं ठरवलं.

बाई कचरल्या. “तिला मी हे दाखवलेलं नाही. ती नावं ठेवेल.”

“ठेवू देत. तुम्ही माइककडे बघू नका. तिला वाचून दाखवा.”

बेथला बजावलं होतं की मधे बोलायचं नाही. पहिल्याच परिच्छेदाला ती बोलली. “ग्वेनी, टाकी मागच्या अंगणात होती!”

“पुढच्या.”

“मागच्या! तू काय सांगतेस मला? मी अजून त्याच गावात राहते.”

बाई तिच्यावर खेकसल्या, तोच हेल ठेवून, आणि त्याच तारेत पुढं वाचू लागल्या. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. खाली बस थांबली, तिची घरघर आत आली, तेवढं वाक्य मी पुन्हा मागितलं. बाकी त्या वाहत गेल्या. भर दुपारी आई ओल्या चादरी खिडक्यांना लावते, तिथं आल्यावर पलीकडून काहीच ऐकू येईना.

बाई थांबल्या. “बेथ, आहेस ना?”

“आहे,” बेथ म्हणाली. “वाच तू.”

रेकॉर्डिंग संपलं तेव्हा मी डोळे पुसत होते आणि समीर उगाच एक केबल गुंडाळत होता.

टाकीवरचं भांडण मी कापलं, बेथला विचारलेलं ‘आहेस ना’ मात्र राहू दिलं. प्रकाशकांचं उत्तर आलं, “उत्तम. फक्त चादरींच्या ठिकाणी त्या कुणाला तरी ‘आहेस ना’ विचारतात. ते मजकुरात नाही, काढावं.” मी काढलं. मजकुरात नसलेलं काढायचं, याचाच मला पगार मिळतो.

फायनल ऐकायला बाई आल्या. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग हेडफोन उतरवून, थेट शिकागोच्या उच्चारात, मला म्हणाल्या, “ऐकून वाटतं, ही बाई तिथून कधी निघालीच नाही.”

मी त्यांना कोट घालायला मदत केली आणि जिन्यापर्यंत सोडून आले.

त्यानंतर कुणीही वाचायला बसलं की माइक तपासण्याआधी मी विचारते, कुणाला वाचून दाखवताय? बहुतेक जण म्हणतात, श्रोत्यांना. म्हणजे एकही माणूस डोळ्यांसमोर नसतो. मग मी घरी फोन करून सांगते की आज उशीर होईल.