वारा कुठून येतो

साठच्या दशकात मी अमरावतीच्या एका कॉलेजात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवायचो. मास स्पेक्ट्रोमीटर आमच्याकडे फक्त पुस्तकातल्या चित्रात होता. रेणूचे तुकडे करून ते वजनाप्रमाणे वेगळे करणारं, आणि त्या तुकड्यांवरून मूळ रेणू ओळखू देणारं ते यंत्र पोरांच्या काही डोक्यात शिरेना. शेवटी वैतागून मी अख्खा वर्ग कॉलेजमागच्या खळ्यावर नेला.

तिथे एक बाई तिवईवर उभी राहून ज्वारी उफणत होती. दर वेळी आधी चिमूटभर भुसा सोडून ती वारा पाही, मगच सूप उचली. दाणे पायाशी पडत, भुसा लांब उडे. तिने पोरांच्या हाती सूप दिलं. पोरं नेमकी चुकीच्या बाजूला उभी राहिली आणि भुसा त्यांच्या डोक्यात, तोंडात गेला.

ती पोट धरून हसली. "कालेजात शिकता ना तुमी? आधी वारा कुठून येऊन राहिला ते पाहा ना बाप्पा!"

एकाने विचारलं, "मावशी, नुसत्या भुशावरून पीक ओळखता येतं?"

"काहून नाई? तुकडे काई खोटं बोलत नाई."

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पुढे मुंबईत मी खरं यंत्र पाहिलं. त्याच्या आत हवा अजिबात नसते, असं तिथला माणूस सांगत होता. तरी मी एक पाऊल बाजूला सरकूनच उभा राहिलो.