ओल्या वाळूचे दिवस

ओहोटीच्या वाळूला तिचा स्वतःचा असा एक गारवा असतो. पाणी नुकतंच मागे हटलेलं असतं, त्याची ओल वाळूच्या अंगात मुरलेली असते, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तो सारा विस्तीर्ण पट सारवलेल्या अंगणासारखा सावळा, नितळ, किंचित चमकता दिसतो. त्यावर टाच टेकवून पाहा. पावलाभोवतालची ओल क्षणमात्र दूर सरते, एक फिकट वर्तुळ उमटतं, आणि पाऊल उचलताच ते पुन्हा त्या सावळ्या रंगात विरून जातं. जुहूच्या किनाऱ्यावर रोज एवढी माणसं येतात, भेळ खातात, फोटो काढतात नि जातात. त्यांतल्या कितीजणांनी ही वाळू तळव्याने वाचली असेल? मी वाचली आहे. हौसेने नव्हे, नाइलाजाने वाचली, पण अक्षरन् अक्षर वाचली.

गेल्या वैशाखात माझ्या नवऱ्याला, मोहनला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, आणि तिच्याबरोबर जिभेवरचे शब्द गेले, डोक्यातले आकडे गेले. मोहन म्हणजे एका जागी न ठरणारा प्राणी. कोथिंबीर आणायला म्हणून निघायचा आणि पार्ले स्टेशनपर्यंत जाऊन, चार ओळखीच्यांशी वाद घालून, कोथिंबीर विसरून परत यायचा. आम्ही दोघं एकाच कचेरीत होतो, तिथेच जुळलं, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी नव्हतंच. भांडणंही अगदी बरोबरीची. असा हा माणूस अख्खा पावसाळा पलंगापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पलंगापर्यंत, माझ्या खांद्यावर सारा भार टाकून, मुकाट्याने पाय ओढत राहिला. तो पुन्हा एकटा, आपल्या पायांनी, दाराबाहेर पडेल का? माझ्या मनात तेव्हा याखेरीज दुसरा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांना विचारलं की ते म्हणायचे, ‘बघू.’ एवढासा शब्द, पण त्याच्यावर रात्री काढायच्या म्हणजे काय असतं ते मला विचारा.

त्याला व्यायाम द्यायला भांडुपहून एक तरुण मुलगी यायची, कामात चोख आणि बोलायला फटकळ. नवरात्र संपता संपता ती म्हणाली, ‘काकू, टाइल्सवर काकांचा पाय घसरतो. घराबाहेर काढा त्यांना. समुद्रावर ओहोटीला ती कडक ओली वाळू असते ना, तिच्यावर चालवा. पडले तरी लागणार नाही. पण वरच्या मऊ वाळूत नको हां, पाय रुतला की वाट लागेल.’ आणि अशा रीतीने, साताऱ्याकडच्या ओढ्या-विहिरींच्या मुलखात वाढलेली मी, साठी ओलांडल्यावर समुद्राच्या दारी नेमाने जाऊ लागले.

पण समुद्र का कुणाच्या सोयीने मागे सरतो? त्याची ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे ढकलली जाते, आज उगवतीला तर चार-पाच दिवसांनी टळटळीत उन्हात. आपण घड्याळाच्या तालावर जगणारी माणसं. आमच्या घराने मात्र त्या दिवसांत घड्याळाशी काडीमोड घेतला आणि चंद्राशी संसार मांडला. एक दिवस चहाच्या आधी समुद्र, एक दिवस नाश्त्यानंतर, आणि अष्टमीच्या सुमारास तर ऐन दुपारी, डोक्यावर छत्री धरून. पोळ्या कधी अकराला लाटल्या जायच्या, तर कधी तीनला. शेजारपाजार आधी कुजबुजला, मग सवयीने गप्प झाला. मुलुंडहून मुलीचा फोन यायचा, ‘आई, भर दुपारी जुहूला? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?’ मी म्हणायचे, ‘डोकं आहे गं. पाणी ठिकाणावर नाही, त्याला आम्ही काय करणार?’

ओहोटीची वेळ मी फोनवर पाहत असे. एके दिवशी कॅलेंडरपुढे उभी राहून सहज पुटपुटले, ‘आज षष्ठी वाटतं.’ पाठीमागून मोहन म्हणाला, ‘साडेचार.’ मी वळून पाहिलं. डॉक्टरांनी शंभरातून सात वजा करा म्हटलं की ज्याचे डोळे भरून यायचे, तो माणूस डाव्या हाताने भिंतीला धरून उभा होता आणि मला भरतीची वेळ सांगत होता. देवगडच्या खाडीकाठी त्याचं बालपण गेलं. तिथे पोरासोरांना पाढ्यांच्या आधी हे गणित येतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरतीला सहा तास मिळवले की ओहोटी. त्या दिवसापासून मी रोज तिथी विचारू लागले. माझं माहेर बौद्ध. आमच्याकडे तिथी-मुहूर्ताला कुणी कधी विचारलं नाही, आणि आता मी उठल्याबरोबर कॅलेंडरवर तिथी पाहत होते, देवासाठी नव्हे, वाळूसाठी आणि त्याच्या तोंडून एक आकडा ऐकण्यासाठी. शब्दही परतले ते आधी मालवणीत. पार्ल्याची पुस्तकी मराठी कितीतरी मागाहून आली. पहिल्यांदा आलं ते ‘माका पाणी दी’. त्याची आई गेल्यापासून आमच्या घरात ही बोली कुणी बोललंच नव्हतं.

किनाऱ्याशी रिक्षातून उतरलं की मी आधी घटकाभर उभी राहून समुद्राची तब्येत पाहायची. आज वारा कुठला, पाणी किती आत गेलंय, ओली वाळू सपाट आहे की लाटांनी तिच्यावर वळ्या पाडल्यात, कचरा कुठवर पसरलाय, कुत्र्यांचं टोळकं कुठल्या बाजूला झोपलंय. आश्विनात पाण्याचा रंग गढूळ चहासारखा असायचा, आणि पावसाळ्यात समुद्राने ओकलेल्या वस्तू, चपलांचे जोड मोडलेले एकेकटे सोबती, दोर, बाटल्या, अजून काठावर पडून असायच्या. कार्तिकात तो निवळला. मार्गशीर्षात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा गार वारा सुटला आणि लाटा इतक्या मवाळ झाल्या की त्यांचा आवाज झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा यायचा. कधी धुरकं असं दाटायचं की वर्सोव्याकडचे उंच मनोरे पुसून जायचे, आणि आकाश कुठे संपलं नि पाणी कुठे सुरू झालं याचा पत्ताच लागू नये. मग मी मोहनला सांगायची, ‘चल, आज चांगला आहे,’ किंवा, ‘आज जरा जपून रे.’ एवढं सांगून झालं की माझं समुद्राकडे पाहणं संपायचं. त्यानंतर माझे डोळे त्याच्या उजव्या पायावरून हलत नसत. चवडा उचलला का? टाच आधी टेकली का? गुडघा वाकला का? समोर अथांग सागर पसरलेला, आणि मी वीतभर पावलाकडे पाहतेय.

तो चालायचा आणि त्याच्या कमरेला माझी जुनी ओढणी घट्ट बांधून मी तिची गाठ मागून धरायची. आधी आधी चार पावलांत दोघंही घामाघूम. मागे वळून पाहिलं की वाळूवर डाव्या पायाचे ठसे आणि उजव्याची एक लांबच लांब ओढलेली रेघ. ती रेघ पाहून माझं काळीज तुटायचं. किनाऱ्यावरच्या सल्लागारांना काय कमी? हाताला अमुक तेल लावा, तमुक वैद्याकडे न्या, कबुतराचं रक्त चोळा. उचलली जीभ लावली टाळ्याला. मोहन त्यांच्याकडे एक जळजळीत नजर टाकायचा, आणि ती नजर ओळखीची आहे हे पाहून मला मनातून फार बरं वाटायचं.

एक दिवस चालता चालता तो थांबला. चेहरा वाकडा केला. मी घाबरले, म्हटलं, पुन्हा काही झालं की काय. तो म्हणाला, ‘चिकाटता.’ काय चिकटतंय? त्याने उजव्या पायाकडे बोट दाखवलं. मी वाळूत बसले, पाऊल उचलून मांडीवर घेतलं, तर तळव्याला डांबराचा हा एवढा गोळा. समुद्र असे गोळे फेकतो, जहाजांच्या तेलाची ती घाण, नखाने निघत नाही, खोबरेल तेल चोळत बसावं लागतं. याआधीही ते त्याच्या तळव्याला लागलं होतं, आणि घरी गेल्यावर न्हाणीघरात मलाच दिसलं होतं. त्याला पत्ताही नव्हता. आज त्याला कळलं होतं. त्या मेल्या पावलाला कळलं होतं की आपल्याला काहीतरी चिकटलंय. मी ते काळं पाऊल दोन्ही हातांत धरून भर किनाऱ्यावर रडले, माझ्या साडीची वाट लागली, आणि मोहन वरून म्हणत होता, ‘अगो, उठ. लोक बघतत.’ जगात कुणाला डांबर पाहून एवढा आनंद झाला असेल का?

पुढचं सारं सावकाश घडलं, इतकं सावकाश की आज झालं असं कधी म्हणताच आलं नाही. वाळूवरची ती लांब रेघ मधूनमधून तुटू लागली. मग तिचे तुकडे झाले, मग तुकड्यांचे ठसे झाले, एक पाऊल सरळ आणि एक जरासं बाहेर वळलेलं. ओढणी मी आधी घट्ट धरायची, पुढे नुसती बोटांत ठेवायची, आणि एक दिवस ती घरीच राहिली तरी दोघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. वरची मऊ वाळू ओलांडताना मात्र तो माझा हात धरायचा. त्या हाताची मला सवय झाली होती.

पौषातल्या चतुर्थीची सकाळ. नऊची ओहोटी. मी डबा, पाण्याची बाटली, नॅपकिन असं पिशवीत भरत होते. मोहन दारात चपला घालून उभा होता, काठी डाव्या हातात. म्हणाला, ‘माका एकट्याक जावचा आसा. तू येव नको.’ मी म्हटलं, ‘वेडा आहेस का? आणि मऊ वाळूचं काय?’ तो म्हणाला, ‘बघतंय मी.’ आवाजात राग नव्हता, विनवणीही नव्हती. कोथिंबीर आणायला निघालेल्या माणसाचा आवाज होता तो.

ज्या क्षणासाठी महिनोन् महिने जीव टांगणीला लावला, तो उंबऱ्यात येऊन उभा राहिला की आपण असे का वागतो, कुणास ठाऊक. मला आनंद झाला, खरंच झाला. आणि त्याच आनंदाच्या पोटात असा राग उसळला की पिशवी तिथेच आपटावी. इतके दिवस मागून गाठ धरणारी मी, आणि आता ‘येव नको’? मी खिडकीतून पाहत राहिले. तो कोपऱ्यापर्यंत गेला, रिक्षा थांबवली, आधी काठी आत ठेवली, मग स्वतः बसला. शिकवल्याप्रमाणे, आधी चांगला पाय. रिक्षा वळली. मग मी कुकर लावला आणि शिट्या मोजायला विसरले. वरणाला दोनदा मीठ घातलं. फोन करायला हात शिवशिवत होता, पण केला नाही. नाही केला हेच त्या सकाळचं माझं कर्तृत्व.

तो परत आला तेव्हा त्याच्या पॅंटच्या कडा ओल्या होत्या आणि एका गुडघ्याला वाळू लागलेली होती. म्हणजे पडला असणार. मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. खारट वरण एक अक्षर न काढता जेवला, आणि पंख्याखाली पडल्या पडल्या घोरू लागला.

आणि मग मला काही काम उरलं नाही. भांडी झाली, कपडे वाळले, घर लख्ख. भरल्या घरात मी रिकामी. कशाला ते मलाही कळेना, पण मी पायांत चपला सरकवल्या, रिक्षा केली आणि जुहूला गेले.

उतरले, आणि क्षणभर वाटलं की रिक्षावाल्याने भलतीकडेच आणून सोडलं. आमचा किनारा कुठे होता? ती मैलभर पसरलेली सावळी वाळू कुठे होती? समोर सगळं पाणीच पाणी. तीनची भरती, ऐन भराला आलेली. पश्चिमेच्या वाऱ्यावर लाटा उंच होऊन येत होत्या, उन्हाचे हजार तुकडे उधळत कोसळत होत्या, आणि काठाला वरच्या मऊ वाळूची चिंचोळी पट्टी तेवढी राहिली होती. इतके महिने नेमाने समुद्रावर आले मी, पण ज्या वेळी तो मागे सरलेला असेल त्याच वेळी आले. माझा समुद्र म्हणजे दूरवरची एक राखाडी किनार होती. हा भरलेला समुद्र मी आज पहिल्यांदा पाहत होते. आम्ही जिथे पाऊल पाऊल झगडलो, जिथे मी त्याचा काळा तळवा मांडीवर घेऊन रडले, सकाळी तो जिथे एकटा पडला आणि एकटा उठला, ती सारी जागा त्या पाण्याखाली, पुरुषभर पाण्याखाली, शांत पडली होती. मी त्या मऊ वाळूत मटकन बसले. पाय रुतले तर रुतू दिले.

फोन वाजला. मोहन. ‘खंय आसस?’

म्हटलं, ‘समुद्रावर.’

त्याने विचारलं, ‘कसो आसा आज?’

रोज मीच त्याला सांगायची, आज चांगला आहे, आज जपून. आज तो विचारत होता. मी म्हणाले, ‘भरलाय रे. काठोकाठ भरलाय.’

‘मगे बस थंयसर,’ तो म्हणाला. ‘बघ सावकाश. चाय मी करून घेतंय.’